नांदेडच्या पंपासाठी ठेवलेली तोटी

लातूर,
९ जून २०२४

विनोद भावजी,
सप्रेम नमस्कार.

फोन करायचा सोडून पत्र का, असं तुम्हाला वाटेल. पत्र अप्पांच्या हट्टामुळे लिहिते आहे. फोनवर कोणीही काहीही सांगतं, कागदावर लिहिलेलं मागवून घे, असं त्यांचं म्हणणं. मी लिहिते की नाही हे बघत ते समोरच बसलेत. चष्मा लावूनही त्यांना आता अक्षर लागत नाही. म्हणून या पत्रात दोघांचं लिहिते, आधी त्यांचं, मग माझं.

त्यांनी सांगितलेलं असं: "विनोदला आमचा जयभीम लिव. म्हणावं, अमरला किती दिस ठेवून घेणार हायस? पंप मिळाला का न्हाई ते कळव. हितं तोटी उघडी हाय, मी रोज बघून राहिलो."

आता माझं. फेब्रुवारीत तुमच्या ओसरीवर जे झालं ते तुम्ही आणि विशाखाताईंनी पाहिलं. अमरेशने चहा घेतला होता का, शेवटी काही बोलला का, हे मी तुम्हाला किती वेळा विचारलं असेल. पण त्या दिवशी सकाळी इथे काय झालं ते मी तुम्हाला कधी सांगितलं नाही.

उन्हाळ्यात आपली ॲम्बॅसिडर कशी रुसते ते तुम्हाला ठाऊक आहे. नळीतल्या पेट्रोलची वाफ होते आणि गाडी रस्त्यात उभी राहते. मागच्या वैशाखात नळेगावच्या पुढे इंजिनावरच्या पंपावर ओली फडकी टाकत टाकत आम्ही अप्पांना उदगीरला माझ्या थोरल्या नणंदेकडे, रुद्राणी अक्कांकडे नेलं होतं. तेव्हाच अमरेशने ठरवलं की टाकीजवळ बॅटरीवर चालणारा पंप बसवायचा. नांदेडला यायच्या आदल्या दिवशी त्याने मागच्या चाकाच्या आत, टाकीतून निघणारी नळी कापून तिच्यात तीन तोंडांची पितळी जोडणी घातली. दोन तोंडं जुन्या नळीला जोडली, तिसरं पंपासाठी मोकळं ठेवलं आणि त्यावर तात्पुरतं रबरी टोपण चढवलं. अप्पा तिला तोटी म्हणतात. सकाळी बसला जाताना तो अप्पांना म्हणाला, "अप्पा, हिला हात लावू नका, कोणाला बंद करू देऊ नका. नांदेडहून पंप आणतो, संध्याकाळी जोडू."

अप्पांच्या डोक्यातलं घड्याळ त्या सकाळीच थांबलं आहे. मुलाच्या अंत्यविधीला ते होते, सगळं त्यांनी हातांनी केलं. पंधरवड्यात ते पुसलं गेलं. अमर कुठे, असं त्यांनी विचारलं तेव्हा माझ्या तोंडून निघालं, "नांदेडला गेलाय." तेव्हापासून हे एकच उत्तर चालू आहे. ते खोटं आहे हे मला कळतं. फक्त, त्याच्याबद्दलचं ते शेवटचं खरं वाक्यही होतं, असं मी स्वतःला समजावते, आणि त्याचीही मला लाज वाटते.

अप्पांना वाचून दाखवता येईल असं चार ओळींचं काही लिहाल का?

आपली,
सुकन्या


नांदेड,
१७ जून २०२४

सुकन्या वहिनी,
सप्रेम जयभीम.

पत्र वाचून मी दोन दिवस काही लिहिलं नाही. विशाखा म्हणाली, म्हाताऱ्या माणसाला धीर द्यायला काय विचार करायचा. पण खोटं बोलणार नाही असं दर पौर्णिमेला विहारात तोंडाने म्हणणारा माणूस मी. आयटीआयमधल्या पोरांनाही तेच सांगतो. अमरेशच्या वतीने तो जिवंत असल्यासारखं लिहिणं माझ्याने होणार नाही.

तरी सोबत वेगळा कागद ठेवला आहे. त्यातलं एकही वाक्य खोटं नाही. अप्पा त्यातून जे समजायचं ते समजतील. ही पळवाट आहे हे मला दिसतं. तुम्ही मला त्याबद्दल कमी समजलात तरी चालेल.

तुमचा,
विनोद

(सोबतचा कागद)

अप्पा, नमस्कार. पंप माझ्याकडे आला आहे, हैदराबादचा आहे. चालवून बघायचा राहिला आहे. अमरेशने बसवलेली तोटी आहे तशी असू द्या. घाई करू नका. जेवण वेळेवर घेत जा. विनोद.


लातूर,
३० जून २०२४

विनोद भावजी,
सप्रेम नमस्कार.

तुमचा कागद मी मोठ्याने वाचला. अप्पांनी तो तीनदा वाचून घेतला, घडी घालून बंडीच्या खिशात ठेवला आणि त्या दिवशी दोन भाकरी खाल्ल्या. मी रोजनिशीत 'आज घरात बरं वाटलं' असं लिहिलं. नंतर ते वाक्य खोडावंसं वाटलं, पण खोडलं नाही.

आता एक अडचण सांगते. सकाळी लिंगपूजा झाली की ते कपाळाची विभूती ओली असतानाच शेडमध्ये जातात. मागच्या चाकाजवळ पाट टाकून बसतात, हात आत घालतात आणि रबरी टोपण काढून तोटीला बोट लावतात. बोटावर पेट्रोल आलं की वास घेतात, मान हलवतात आणि टोपण परत लावतात. अमरने पाहा म्हणून सांगितलं आहे, असं ते म्हणतात. मला आठवतं, अमरेश हात लावू नका म्हणाला होता.

ते टोपण आता फुगलंय आणि नरम पडलंय. शेडमध्ये पाऊल टाकलं की वास येतो. फरशीवर रुपयाएवढा ओला डाग असतो. मी अप्पांना म्हटलं, आपण इथे नीट बूच लावू या का? तर ते म्हणाले, "विनोदनं काय लिवलंय? आहे तशी असू द्या. तू वाचलीस नव्हं? का वाचताना झोपली हुतीस?"

टाकी रिकामी करून पाहिली. तर ते कॅन घेऊन औसा रोडच्या दिशेने पेट्रोल आणायला निघाले. चपलाही नव्हत्या पायात. आता दर रविवारी मी गाडी चालू करते, कारण आवाज आला नाही तर ते दुपारी जेवत नाहीत. शेडला कुलूप लावलं त्या दिवशी दारावर थापा मारून त्यांचे हात सुजले.

आपली,
सुकन्या


नांदेड,
८ जुलै २०२४

सुकन्या वहिनी,
सप्रेम जयभीम.

चूक माझी आहे. "तोटी आहे तशी असू द्या" हे वाक्य मी खोटं टाळण्यासाठी लिहिलं. तोटी बंद करू नका असा हुकूम त्यातून निघेल हे माझ्या ध्यानात आलं नाही. ज्या वाक्यात खोटं काही नव्हतं, तेच धोक्याचं निघालं.

साधं रबर पेट्रोलमध्ये टिकत नाही. फुगतं, मग कुजतं, आणि एक दिवस आपोआप गळून पडतं. टाकी भरलेली असेल तर पेट्रोल स्वतःच्या वजनानेच तिथून वाहील. आज पार्सलने पितळी बूच आणि बारा नंबरचा पाना पाठवतो आहे. टोपण काढा, बूच हाताने फिरवून बसवा, मग पान्याने आवळा, पण आटे मोडतील इतकं नको. हे करताना शेडमध्ये दिवा, काडी काही नको. अप्पा देवळात गेले की करा.

आणि वहिनी, त्यांना खरं सांगून टाकावं असं मला वाटतं. हे सांगायचा मला किती हक्क आहे ते मला माहीत नाही. रोज त्यांच्यासमोर उभं राहावं लागतं ते तुम्हाला.

तुमचा,
विनोद


लातूर,
७ ऑगस्ट २०२४

विनोद भावजी,

फोनवर मला बोलता येत नाही, मध्येच रडू येतं आणि सांगायचं राहून जातं. म्हणून लिहिते.

तुमचं बूच मी बसवलं. दुसऱ्याच दिवशी अप्पांनी ते उघडलं. भांड्यांच्या दुकानात ज्याचं आयुष्य पितळ हाताळण्यात गेलं त्याच्यासमोर माझ्या हाताचा जोर किती टिकणार. मला म्हणाले, "कोण आवळलं हे? बायामाणसाचं आवळणं हाय. अमर आल्यावर त्याला आधी हे सोडवत बसायचं का?" मी पुन्हा बसवलं, त्यांनी पुन्हा काढलं. शेवटी बूच त्यांनी कुठे ठेवलं ते त्यांनाही आठवेना, म्हणून तेच फुगलेलं टोपण परत लावलं.

परवा श्रावणातला पहिला सोमवार होता. मी आत पुरणाला डाळ टाकली होती. अप्पांनी कापराची ताटली घेतली, गाडीला ओवाळलं आणि ताटली मागच्या चाकाशी खाली ठेवली. मला फक्त एक भस्कन आवाज ऐकू आला. फरशीवर निळी आग पसरली होती. मी ओलं गोणपाट टाकलं, शेजारच्या अण्णारावांनी वाळू टाकली. गाडी वाचली, घरही वाचलं. अप्पांचं धोतर पेटलं होतं, उजवा घोटा आणि पोटरी भाजली आहे. डॉक्टर म्हणाले, वरवरचं आहे, भरून येईल. अण्णाराव मला म्हणाले, "वहिनी, ही गाडी हाय का चिता? भंगारात घाला आता."

त्या दुपारी मी अप्पांना खरं सांगितलं. मलम लावताना सांगितलं. अमर गेला अप्पा, फेब्रुवारीत गेला, विनोदच्या घरी छातीत कळ आली. ते म्हणाले, "मला कुणी सांगितलं कसं न्हाई?" ते फार रडले. मीही रडले, आणि मला हलकं वाटलं हेही लिहिते. मग ते झोपले. उठल्यावर पायाच्या पट्टीकडे बघून म्हणाले, "हे काय झालं? अमरला सांगू नको, घाबरंल. आला का तो?"

एकदा सांगून भागेल असं मी धरून चालले होते. रोज सांगायची ताकद माझ्यात नाही. न सांगावं तर तोटी उघडी राहते आणि ते पुन्हा कापूर लावतील. रुद्राणी अक्का उदगीरहून सांगतात, सांगू नकोस, मरतील. माझी बहीण शिवकन्या पुण्याहून म्हणते, गाडी विक. गाडी नसेल त्या सकाळी अप्पांना काय सांगायचं ते दोघींपैकी कोणी सांगत नाही.

सुकन्या


नांदेड,
१० ऑगस्ट २०२४

वहिनी,

पुढच्या रविवारी मी येतो. तोवर टाकी पूर्ण रिकामी करून ठेवा आणि अप्पांना शेडमध्ये एकटं सोडू नका.

एक उपाय सुचला आहे. तोटीच्या मोकळ्या तोंडात, आत खोलवर, पितळेची चकती डाख देऊन, म्हणजे धातू वितळवून, कायमची जोडून टाकायची. बाहेर पूर्वीसारखंच हाताने निघणारं बूच. अप्पा ते रोज काढोत, बघोत, लावोत. बाहेरून काही बदललेलं दिसणार नाही आणि पेट्रोलचा थेंब बाहेर येणार नाही.

हे खोटं आहे का यावर मी विचार करत बसलो होतो. विशाखा म्हणाली, "त्यांचा पाय भाजला आणि तुम्ही अजून शब्द तपासताय." ती बरोबर आहे.

विनोद


नांदेड,
२५ ऑगस्ट २०२४

सुकन्या वहिनी,
सप्रेम जयभीम.

सुखरूप पोचलो. तुम्ही बांधून दिलेले धपाटे मी आल्या आल्या विशाखाने खाल्ले.

त्या दिवशी तुम्ही स्वयंपाकात होतात म्हणून सांगतो. मी दारात पाऊल ठेवताच अप्पांनी माझ्या मागे पाहिलं. म्हणाले, "एकटाच आलास?" मी हो म्हणालो. "त्याला कशाला ठेवलास तिकडं?" मी पाणी मागितलं. मग ते लंगडत मला शेडमध्ये घेऊन गेले, तोटी दाखवली आणि म्हणाले, "तुम्ही दोघं इंजिनिअर म्हणं. ह्याच्यापरीस माझ्या दुकानातला तांब्या कमी गळतो." मी हसलो. खरंच हसू आलं, वहिनी. कॉलेजात आम्ही दोघं याच गाडीच्या खाली पडलेले असायचो आणि ते असंच वर उभं राहून बोलायचे.

ते झोपले तेव्हा मी तोटी काढली, गांधी चौकाजवळच्या एका ओळखीच्या वर्कशॉपमध्ये नेऊन चकती डाखून घेतली आणि परत बसवली. तुमच्यासमोर टाकी भरून पाहिलं. थेंब आला नाही. अमरेशने नळी फार सरळ कापली होती. काम करताना मला त्याचा हात ओळखू येत होता. बुजवलेली तोटी त्याच नळीत परत बसवताना मी ती दोनदा काढून पुसली, तुम्ही पाहिलं असेल.

हैदराबादचा पंप माझ्या पिशवीतच होता. कशासाठी नेला होता ते मला सांगता येत नाही. परत आणला.

निघताना अप्पा फाटकापर्यंत आले. म्हणाले, "त्याला सांग, घाईनं येऊ नको म्हणावं. लोह्याच्या पुढं रस्ता खराब हाय." मी "बरं" म्हणालो. ते एक खोटं मी बोललो.

तुमचा,
विनोद


लातूर,
२२ सप्टेंबर २०२४

विनोद भावजी,
सप्रेम नमस्कार.

चार आठवडे मी लिहिलं नाही, कारण लिहिण्यासारखं बरं काही नव्हतं आणि तुम्हाला दोष दिल्यासारखं होईल अशी भीती होती. दोष देत नाही. आगीची भीती गेली हे खरं आहे. अप्पांची पोटरीही भरून आली.

तुम्ही गेलात त्याच्या दोन दिवसांनी ते पाटावर बसले, बूच काढलं, बोट आत घातलं. वास घेतला. पुन्हा घातलं. बोट धोतराला पुसून पुन्हा घातलं. मग मला हाक मारली.

"टाकीत पेट्रोल हाय का?"

"आहे अप्पा."

"गाडी चालू हुती का?"

"रविवारीच केली होती ना."

"मंग हितं कामून येईना?"

त्यांनी खराट्याची काडी मोडून घेतली आणि तोटीत घातली. ती आत जाऊन अडली. त्यांनी दोन-तीनदा टोचून पाहिलं. पितळेवर काडी वाजते तसा बारीक आवाज आला.

"आतून बुजवलंय. विनोद आलता, त्यानं केलं."

"हो."

"विनोद अमरचं काम बुजवणार न्हाई. अमर हाय तवर तरी न्हाई." मग त्यांनी हातातलं बूच पाटावर ठेवलं. "कवा गेला?"

मी सांगितलं.

"मी हुतो का मातीला?"

"होता अप्पा. पहिली मूठ तुम्हीच टाकली."

"रडलो का?"

"हो."

"मंग बरं," ते म्हणाले, आणि काडी खिशात ठेवली.

संध्याकाळपर्यंत ते पुसलं गेलं. दुसऱ्या सकाळी पुन्हा पाट, पुन्हा बोट, पुन्हा काडी. रोज म्हणणं बरोबर होणार नाही, काही दिवशी ते नुसतेच बसून परत येतात. पण बहुतेक दिवशी तोटी त्यांना सांगते आणि ते मला विचारतात. मातीला मी हुतो का, हा प्रश्न प्रत्येक वेळी येतो. मी प्रत्येक वेळी तेच उत्तर देते. ते खरं असल्यामुळे मला आता खोटं बोलावं लागत नाही, आणि मी मात्र आधीपेक्षा जास्त थकले आहे.

पेट्रोल गळत होतं तेव्हा त्यांचा मुलगा रोज सकाळी जिवंत असायचा. आता तो रोज सकाळी मरतो. यातलं कोणतं बरं, हे मी रोजनिशीत बऱ्याच वेळा लिहून पाहिलं. ती चकती काढता येईल का, असं विचारावंसं वाटतं. विचारणं चूक आहे हे कळूनही विचारते आहे.

आपली,
सुकन्या


नांदेड,
२७ सप्टेंबर २०२४

सुकन्या वहिनी,
सप्रेम जयभीम.

चकती मी काढणार नाही. तुम्ही कितीही म्हणालात तरी नाही. घर पेटलेलं मला चालणार नाही, आणि तुम्हालाही चालणार नाही.

मला एवढंच कळतं की आतून बंद करून बाहेरून उघडं ठेवणं हीच चूक होती. त्यांना ती शोधून काढावी लागते. शोधून काढणाऱ्याला दुःख नवंच मिळतं. जे बंद आहे ते बंद दिसू द्या. यापुढे माझ्याकडे युक्ती नाही.

सोबत अप्पांसाठी कागद आहे. वाचायचा की नाही ते तुम्ही ठरवा.

विनोद

(सोबतचा कागद)

अप्पा, अमरेश पंप न्यायला माझ्याकडे आला होता. माझ्या ओसरीवर बसला असताना त्याच्या छातीत दुखलं आणि तो वारला. मी त्याच्याजवळ होतो. तो पंप आता बसवायचा नाही. तोटी मी बंद केली आहे. विनोद.


लातूर,
२० ऑक्टोबर २०२४

विनोद भावजी,
सप्रेम नमस्कार.

तुमचा कागद मी दोन आठवडे ठेवून दिला होता. खंडेनवमीला वाचला.

त्या दिवशी मी गाडीची पूजा करणार नव्हते. अप्पांनीच आठवण केली. मी हार आणला, कुंकू आणलं, कापूर आणला नाही. पूजा झाली आणि ते नेहमीसारखे चाकाजवळ बसले. बूच काढायच्या आधीच मी त्यांच्यासमोर फरशीवर बसले आणि तुमचा कागद वाचला. मध्ये थांबले नाही. त्यांनी पुन्हा वाचायला लावलं नाही, घडी घालायला मागितलाही नाही.

मग बूच हाताने काढून म्हणाले, "बंद केलंय म्हणतोस, मंग हे बूच हातानं कसं निघतंय? अर्धं काम हाय हे. माझी पेटी आण." ते मला तुमच्याशी बोलल्यासारखं बोलत होते.

मी दुकानातून आणलेली त्यांची जुनी पत्र्याची पेटी दिली. त्यांनी बूच धोतराने पुसलं. सुती दोरा मागितला, कपड्याचा साबण मागितला. आट्यांवर दोरा आवळण्याच्या दिशेने गुंडाळला, त्यावर साबण दाबून भरला. मला म्हणाले, "रबर लावायचं न्हाई पेट्रोलला. साबण खात न्हाई ते. आमच्या वेळी टाकीचं भोक साबणानं मिटवून हुमनाबादपर्यंत जायचो." मग बूच फिरवलं आणि पाना लावला. पाना एकदाही सुटला नाही. शेवटचं आवळताना त्यांनी डोळे मिटले. बाहेर आलेला साबण अंगठ्याने सगळीकडे सारखा केला, आणि तोच हात माझ्या डोक्यावर ठेवला. माझ्या केसांना साबण लागला.

आत चकती असल्यामुळे या बुचाची गरज नाही हे मला माहीत होतं. मी बोलले नाही. हे न बोलणं कोणत्या खात्यात घालायचं ते तुम्ही सांगा.

दुसऱ्या सकाळी मी दाराआड उभी राहिले. ते पाटावर बसले, हात आत घातला. बोटाला दोरा आणि वाळलेला साबण लागला. त्यांनी वाकून पाहिलं आणि स्वतःशी म्हणाले, "हे तर माझंच काम हाय." मी वाट पाहत होते. ते म्हणाले, "मी बंद केलंय म्हंजे कायतरी कारण असंल," आणि उठून चहाला आले.

तेव्हापासून तसंच चालू आहे. हात लावतात, आपलं काम ओळखतात, आत येतात. पाना मागत नाहीत. अमर कुठे, असं त्यांनी त्या दिवसानंतर एकदाही विचारलेलं नाही. अक्का म्हणाल्या, देवाने सोडवलं. शेजारचे अण्णाराव म्हणाले, वहिनी, तुमचा चेहरा उतरलेला का मग?

त्यांना काय सांगू. ऑगस्टपर्यंत मला रोज कोणीतरी विचारत होतं की अमर कुठे, आणि मी म्हणत होते, नांदेडला गेलाय, येईल. हे मी अप्पांसाठी करते असं मी तुम्हाला लिहिलं, रोजनिशीतही लिहिलं. मागची पानं उलटून पाहिली. आग लागल्याच्या दिवशी खरं सांगितल्यावर, दुपारी उठून त्यांनी 'आला का तो' विचारलं, तिथे मी लिहिलं आहे, 'बरं वाटलं.' ते कोणाला बरं वाटलं होतं ते आता मला दिसतं. या घरात त्याची वाट पाहणारं एक माणूस होतं, आणि मी त्याच्या शेजारी बसत होते.

काल संध्याकाळी आम्ही दोघं अंगणात होतो. दिवेलागणीची वेळ होती. मी अप्पांना विचारलं, "अप्पा, अमर कुठे गेलाय?"

विचारायला नको होतं. मी विचारलं.

त्यांना काही आठवलं की नाही, मला सांगता येत नाही. ते म्हणाले, "तू जेवलीस का?"

मी नाही म्हणाले.

ते काठी घेऊन आत गेले. भाकरीची दुरडी कुठे असते ते त्यांना ठाऊक नाही. एकेक डबा उघडल्याचा, झाकण लावल्याचा आवाज येत होता. मी उठून गेले नाही. ते शोधत होते, आणि मी बाहेर बसून ऐकत होते.

आपली,
सुकन्या